हरकतीला १९ दिवस उरले : मैदान, वाहनतळ आणि १८ मीटरची रेघ

ए-६०३ : सेक्रेटरी साहेब, महापालिकेचा सुधारित प्रारूप विकास आराखडा राजपत्रात येऊन ११ दिवस झाले. ग्रुपवर अवाक्षर नाही. मागच्या मैदानाचं आरक्षण काढून तिथे वाहनतळ दाखवलाय आणि आपल्या १२ मीटरच्या रस्त्यावर १८ची रेघ मारलीये, म्हणजे रस्ता तेवढा रुंद करणार. लिफ्टच्या रंगावर तीन दिवस चर्चा होते इथे, यावर तीन मिनिटं तरी द्या.

सेक्रेटरी : ताई, विषय रविवारच्या बैठकीत घेतलाच आहे. कृपया संयम ठेवावा.

ए-६०३ : रविवारी १५वा दिवस असेल. हरकतीची मुदत ३० दिवस. झेरॉक्स, सह्या, पोच हे सगळं कधी होणार?

सी-१०१ : वाहनतळ होत असेल तर चांगलंच आहे. सोसायटीत गाड्या ६४, जागा ३८. उरलेल्या २६ कुठे लावायच्या ते आधी सांगा.

बी-३०४ : तुमची दुसरी गाडी व्हिजिटरच्या जागेतून काढलीत की २५ 😄

सी-१०१ : वैयक्तिक बोलू नका. प्रश्नाचं उत्तर द्या.

सी-४०२ : पाणी आज आठला की नऊला?

सेक्रेटरी : साडेआठ.

ए-६०३ : आबा, तुमची सगळी नोकरी नगररचनेत गेली. तुम्हीच सांगा आता.

डी-२०१ (आबा) : आधी वाहनतळाचं गणित बघा. मैदान २८०० चौ.मी. गाडीचा चौकोन अडीच बाय पाच, म्हणजे साडेबारा चौ.मी. पण आतली वाट, वळण, फाटक धरलं की एका गाडीमागे २५ ते ३० चौ.मी. जातात. म्हणजे एका मजल्यावर जेमतेम शंभर गाड्या. आणि तो सार्वजनिक वाहनतळ असेल, आपल्या २६ गाड्यांना राखीव नाही. रस्त्याकडेला फुकट लावता येतं तोवर पैसे भरून आत कोणी जात नाही. तळ रिकामा आणि रस्ता भरलेला, असं होतं.

सी-१०१ : शंभर तर शंभर. २६ कुठे लावायच्या?

बी-३०४ : मैदान गेलं की पोरं परत ए विंगच्या काचांवर षटकार मारणार.

ए-००२ : मागच्या काचेचे पैसे अजून कमिटीकडून आलेले नाहीत. विषय निघालाच आहे म्हणून.

सेक्रेटरी : तो विषय वेगळा आहे. कृपया.

बी-५०५ : सरसकट विरोध नको. रस्ता १८चा झाला तर पुनर्विकासात आपला फायदा आहे. २०२०च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीत टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत घेऊन वापरायचा जादा बांधकाम हक्क, रस्त्याच्या रुंदीप्रमाणे वाढतो. पुढचा विचार करा जरा.

ए-६०३ : म्हणजे पुनर्विकास समितीला हे आधीपासून माहीत होतं! आणि आम्ही राजपत्र शोधत बसायचं.

बी-५०५ : वहिनी, आरोप करू नका. नकाशा सगळ्यांसाठी खुला आहे.

डी-२०१ (आबा) : बी-५०५ म्हणतात ते नियमाला धरून आहे. पण तोटाही मोजा. रुंदी ६ मीटरने वाढते. रेघ मध्यापासून समान असेल तर आपले ३ मीटर जातील : कंपाउंड, बोअरवेल, भिंतीलगतच्या ९ गाड्या. म्हणजे सी-१०१ यांच्या २६च्या ३५ होतील. रेघ एकाच बाजूला सरकवली असेल तर सगळे ६ मीटर आपलेच. भाग नकाशाची प्रत घ्या आणि स्केलने मोजा, मोबाइलवरच्या फोटोवरून ठरवू नका. शिवाय हा रस्ता पुढच्या चौकात परत १२चा होतो. मधलेच ३०० मीटर रुंद केले तर गाड्या वेगाने येऊन चौकात तुंबतील.

सी-१०१ : ३५??

ए-६०३ : एक सामूहिक पत्र काढू या. सगळ्यांच्या सह्या घेते मी.

डी-२०१ (आबा) : सोसायटीचा ठराव जोडून एक पत्र द्याच. पण शंभर सह्यांचं पत्र आवक नोंदवहीत एकच क्रमांक घेतं. घरटी वेगळी हरकत द्या. आणि "आमच्या भागात मैदान नाही, सहानुभूतीने विचार व्हावा" असं लिहू नका. त्यावर सुनावणी घेणाऱ्या समितीला काही शिफारस करता येत नाही. नकाशाचा भाग क्रमांक, सिटी सर्व्हे नंबर, आरक्षण क्रमांक, काय बदललंय, काय हवंय ("खेळाचे मैदान हे आरक्षण पूर्ववत ठेवावे") आणि कारण लिहा. नकाशाच्या प्रतीवर लाल खूण करा. शेवटी "प्रत्यक्ष सुनावणी मिळावी" हे वाक्य हवंच. दोन प्रती, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या.

ए-००२ : सुनावणी कोण घेतं?

डी-२०१ (आबा) : एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा १९६६. कलम २६खाली हरकती, कलम २८खाली नियोजन समिती : स्थायी समितीचे ३ सदस्य आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त ४ तज्ज्ञ. ज्याची लेखी हरकत मुदतीत आहे त्यालाच बोलावतात. नंतर कितीही आरडाओरडा केला तरी उपयोग नाही. आणखी एक. विद्यमान भूवापराचा नकाशाही तपासा. आज पोरं खेळतात ती जागा त्यात रहिवास किंवा रिकामी दाखवली असेल तर ती चूकही हरकतीत घाला. मुंबईचा २०१५चा प्रारूप आराखडा अशाच चुकांमुळे मागे घेऊन दुरुस्त करावा लागला, मंजुरी २०१८ला मिळाली.

बी-५०५ : आरक्षण ठेवून तरी काय, महापालिका जागा ताब्यात घेतच नाही.

डी-२०१ (आबा) : हा मुद्दा रास्त आहे. आराखडा मंजूर होऊन १० वर्षं झाली की मालक कलम १२७ची खरेदी सूचना, म्हणजे "जागा विकत घ्या" अशी नोटीस, देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. आपल्या मैदानावर अशी सूचना आली आहे का, हे माहिती अधिकारात आजच विचारा. आली असेल तर हरकतीत "तातडीने संपादन करावे" हेही लिहा.

ए-६०३ : कारणांमध्ये मी हे घालतेय : मैदानाला दोन फाटकं आहेत, गावठाणाची गल्ली आणि आपला रस्ता त्यातूनच जोडलाय, कोपऱ्यावरची दुकानं त्या येण्याजाण्यावर चालतात. तिथे भिंतबंद वाहनतळ आला की संध्याकाळी सातनंतर त्या बाजूने बायका चालणार नाहीत आणि दुकानांची शटर लवकर पडतील.

डी-२०१ (आबा) : उत्तम. हे ठिकाणाशी बांधलेलं कारण आहे, असंच लिहा.

सी-१०१ : माझा प्रश्न तसाच आहे. गाड्या ६४, जागा ३८.

बी-३०४ : हा मेसेज पिन करून टाका राव.

डी-२०१ (आबा) : नाही, त्यांचा प्रश्न खरा आहे. म्हणून रस्त्याची हरकत वेगळ्या कागदावर द्या, मैदानाशी मिसळू नका. विरोध असेल त्यांनी १२ ठेवा म्हणावं. बी-५०५ सारख्यांना १८ हवा असेल तर छेद, म्हणजे रस्त्याच्या रुंदीची वाटणी, मागावा : दोन्ही बाजूंना ३ मीटर पदपथ, अडीच मीटर पट्ट्यात समांतर गाड्या आणि झाडं, मध्ये ७ मीटर वाहतूक. बेरीज १८. आयआरसी १०३ या पादचारी सोयींच्या मानकाप्रमाणे पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी वाट लागते, कर्ब (पदपथाची कड) १५० मि.मी.हून उंच नको, नाहीतर म्हातारी माणसं रस्त्यावरूनच चालतात. आराखडा फक्त रुंदी ठरवतो, छेद पुढे पथ विभाग ठरवतो. तरी लेखी सूचनेची नोंद राहते.

सी-१०१ : त्या पट्ट्यात किती बसतील?

डी-२०१ (आबा) : समांतर गाडीला ६ मीटर. ३०० मीटरवर एका बाजूला ५०. फाटकं, वळणं, झाडं वजा करून ३० धरा. दोन्ही बाजू मिळून ६०, त्याही सगळ्यांसाठी.

सी-१०१ : मग मला दोन्ही कागद द्या. मैदानाचाही.

बी-५०५ : १८ + छेद. माझं नाव लिहा.

सेक्रेटरी : नमुना आबांकडून तपासून आज रात्री टाकतो. सिटी सर्व्हे नंबर मी भरतो, फ्लॅट नंबर आणि सही आपापली. शुक्रवारपर्यंत वॉचमनच्या केबिनमध्ये द्यावे.

ए-००२ : आणि काचेचे पैसे?

सी-४०२ : पावणेनऊ झाले. पाणी नाही.