'इच्छामरण' नेमकं कशाला म्हणायचं?

एका लेखाचं भाषांतर करते आहे. विषय असा: आजार बरा होण्यातला नाही, माणूस काही महिन्यांचाच सोबती आहे, तो डॉक्टरांकडून जीव संपवणारं औषध लिहून घेतो आणि स्वतःच्या हातानं पितो. मूळ शब्द 'फिजिशियन असिस्टेड सुइसाइड'. मी 'इच्छामरण' लिहून पुढे गेले, तर दुसऱ्या परिच्छेदात 'युथनेशिया' (डॉक्टरनं स्वतः इंजेक्शन देऊन जीव संपवणं) आलं, तिसऱ्यात व्हेंटिलेटर काढणं आलं. मराठीत तिन्हींना सर्रास इच्छामरणच म्हणतात. तीन वेगळ्या गोष्टी आहेत, तर शब्दही तीन हवेत. सुचवाल का?

०००

ताई, पहिल्या गोष्टीसाठी 'इच्छामरण' लिहू नका, असं मी आग्रहानं सांगेन.

हा शब्द भीष्मांचा. शंतनूनं दिलेला वर असा की, तुझी इच्छा होईपर्यंत मृत्यू तुला शिवणार नाही. भीष्म शरपंजरी पडून उत्तरायणाची वाट पाहत राहिले, म्हणजे त्या वरानं मरण लांबवलं. आज तोच शब्द आपण मरण अलीकडे आणण्यासाठी वापरतो. अर्थ फिरला म्हणून माझी तक्रार नाही, शब्द असेच फिरतात. पण या शब्दात मदत करणारा दुसरा माणूस कुठे दिसतच नाही. भीष्मांना कुणाची चिठ्ठी लागली नव्हती. इथे सगळा वाद त्या दुसऱ्या माणसाचाच आहे: डॉक्टरनं हात लावावा का, आणि लावला तर कुठपर्यंत.

शिवाय इच्छा कोणाची? मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ पासून बेशुद्धावस्थेसारख्या स्थितीत होत्या, स्वतःची इच्छा सांगण्याच्या पलीकडे गेलेल्या. त्यांचं अन्न थांबवावं ही याचिका दुसऱ्या कुणी केली होती, आणि त्यांची वर्षानुवर्षं शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांचा तिला विरोध होता. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये ती मागणी फेटाळली. तरी आपण त्या प्रकरणाला बिनदिक्कत 'इच्छामरणाचं प्रकरण' म्हणत आलो. जिची इच्छा कुणालाच कळू शकत नव्हती, तिच्यासाठी हा शब्द! मला हे तेव्हाही खटकलं होतं.

'दयामरण' त्या मानानं सरळ शब्द आहे, पण त्यात दया करणारा बोलतो आणि रोगी गप्प असतो. स्वतः विचार करून, लेखी अर्ज देऊन औषध मागणाऱ्या माणसाला तो लावणं मला अपमानकारक वाटतं.

नामं सोडा आणि क्रियापदांकडे या. मरणे, मारणे. एका कान्याचा फरक. दोहोंच्या मध्ये मराठीनं 'मरू देणे' ठेवलं आहे, आणि त्याच्या शेजारी 'मरायला मदत करणे'. डॉक्टर स्वतः इंजेक्शन देतो ते व्याकरणानं 'मारणे' आहे, कितीही करुणेनं केलेलं असो. व्हेंटिलेटर काढून आजाराला त्याच्या वाटेनं जाऊ देणं म्हणजे 'मरू देणे'. औषध लिहून देणं म्हणजे 'मदत करणे'. जेम्स रेचल्स या तत्त्वज्ञानं १९७५ मध्ये असं मांडलं की मारणे आणि मरू देणे यांत मुळात नैतिक फरक नाही. त्याचं उदाहरण असं: वारशासाठी एक जण नात्यातल्या लहान भावाला आंघोळीच्या टबात बुडवतो. दुसरा त्याच हेतूनं आत शिरतो, पण मूल आपणच घसरून बुडतं आणि हा नुसता बघत उभा राहतो. दुसरा पहिल्यापेक्षा सज्जन ठरतो का?

नाही ठरत, मान्य. पण तिथे दोघांचाही हेतू काळा आहे. रोग्याच्या उशाशी उभ्या असलेल्या डॉक्टरला ते माप लावायला माझं मन धजत नाही. शेवटचा हात कोणाचा, याला माझ्या मते फार महत्त्व आहे. पेला ज्याच्या हातात आहे त्याला तो ओठांपासून परत खाली ठेवता येतो. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात हा कायदा १९९७ पासून अमलात आहे. आयुष्य सहा महिन्यांहून कमी उरल्याचं निदान लागतं आणि औषध रोग्यानं स्वतःच घ्यावं लागतं. तिथे औषध लिहून घेतलेल्यांपैकी बरेच जण ते शेवटपर्यंत घेत नाहीत. जवळ असलं तरी त्यांना पुरतं. अर्थात ज्याचे हात गेलेत, ज्याला गिळता येत नाही, त्याला याच नियमानं दार बंद होतं, आणि तो विचारतो की माझं दुःख कमी आहे का. यावर माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही.

आता 'आत्महत्या'. ब्रह्महत्या, गोहत्या, भ्रूणहत्या: 'हत्या' ज्या समासात येते तिथे निकाल आधीच लागलेला असतो. ही अडचण आपल्या एकट्यांची नाही. डच भाषेत 'झेल्फमोर्ट' म्हणजे स्वतःचा खून आणि 'झेल्फडोडिंग' म्हणजे स्वतःचा जीव घेणं असे दोन शब्द आहेत. २००२ मध्ये अमलात आलेल्या तिथल्या कायद्यानं दुसरा निवडला. जर्मन लोक 'युथनेशिया'चं आपलं रूप शक्यतो तोंडी आणत नाहीत, कारण नाझींनी अपंग आणि मनोरुग्ण माणसांच्या हत्यांना तेच नाव दिलं होतं. १९४० आणि ४१ या दोन वर्षांतच सत्तर हजारांवर माणसं त्या नावाखाली मारली गेली. ते आता 'श्टेर्बेहिल्फे' म्हणतात, मरताना केलेली मदत. ओरेगनच्या कायद्यात तर स्पष्ट कलमच आहे की या कायद्यानुसार केलेली कृती आत्महत्या, साहाय्यित आत्महत्या, दयेपोटी केलेली हत्या किंवा मनुष्यवध ठरणार नाही. विरोधकांचं म्हणणं, शब्द बदलला म्हणून कृती बदलत नाही. दोन्ही बाजू शब्दासाठी एवढ्या भांडतात, त्या अर्थी शब्द किरकोळ नाही.

(आणि हो, 'सहाय्य' नव्हे, 'साहाय्य'. 'साहाय्यित मरण' लिहिणार असाल तर घाईत त्याचं 'सहमरण' मात्र करू नका. तो शब्द सती जाण्यासाठी आधीच वापरला गेलाय.)

माझी सूचना: 'डॉक्टरांच्या मदतीने पत्करलेला मृत्यू'.

०००

मी बरीच वर्षं अशा रुग्णांजवळ काम केलंय, म्हणून एक शब्द घालते. रुग्ण यातलं काहीच म्हणत नाहीत. ते म्हणतात, 'आता सोडवा'.

एक आजी होत्या, कॅन्सर हाडांत पसरलेला. प्रत्येक फेरीला माझं मनगट धरून म्हणायच्या, 'बाई, सोडव गं मला.' मुलगा ऐकून बाहेर जाऊन रडायचा. त्यानं त्याचा एकच अर्थ घेतला होता. एका रात्री मी खाली बसून विचारलं, 'आजी, कशातून सोडवू?' त्या म्हणाल्या, 'या कुशीतून. या कुशीवर ठेवता ना, तेव्हा जीव जातो.' आम्ही कूस बदलली, डॉक्टरांनी मॉर्फिनचा डोस आणि वेळा बदलल्या. पुढचे नऊ दिवस त्यांनी तो शब्द काढला नाही. दहाव्या दिवशी परत काढला. तेव्हा विचारलं, तर म्हणाल्या, 'आता सगळ्यातूनच.'

म्हणून मला 'पत्करलेला' हा शब्द नको वाटतो. 'माफी मागण्यापेक्षा मरण पत्करलं' असं आपण म्हणतो. त्यात शौर्य आहे. या माणसांपुढे शौर्याची अपेक्षा ठेवू नये. जे जगायचं म्हणतात ते मग भित्रे ठरतील.

०००

तुमचा मुद्दा पटला, 'पत्करलेला' मागे घेतो. कान्याच्या नादात ते ओझं लक्षात आलं नव्हतं.

०००

दोघांचेही आभार. मी असं ठरवलंय: यंत्रं काढण्याला 'उपचार थांबवणे'. डॉक्टरनं इंजेक्शन देण्याला 'विनंतीवरून जीव संपवणे'. डच कायद्यातला शब्दही साधारण याच अर्थाचा आहे, असं शोधल्यावर कळलं. मूळ प्रश्नातल्या गोष्टीला 'डॉक्टरांच्या मदतीने मृत्यू', पण लेखात विरोधक बोलतात तिथे त्यांच्या तोंडी 'आत्महत्या' तसाच ठेवणार, तो त्यांचा शब्द आहे. एक वाक्य अजून अडलंय. लेखातला रुग्ण पत्नीला म्हणतो, मला जाऊ दे. मी 'सोडव' लिहिलं होतं. आता आजींचं वाचल्यावर ते खोडून 'जाऊ दे'च ठेवलंय, कारण त्याला कशातून सुटायचंय हे त्या पानावर अजून कुणी विचारलेलं नाही.