थेट राष्ट्राध्यक्ष पाहिजे का? सोसायटी ग्रुप, इंदिरानगर

देवरे काका: राम राम मंडळी, वरचा फॉरवर्ड सगळ्यांनी वाचा, त्यात हेच म्हटलंय. आपल्याकडे पण अमेरिकेसारखा थेट निवडलेला राष्ट्राध्यक्ष पाहिजे, आमदार फोडाफोडी नाही रिसॉर्ट नाही, सिंहस्थाची कामं पण कशी धडाधड झाली असती

मानसी: काका फोडाफोडीचं पटलं पण धडाधड कुठंय 😄 ऑक्टोबर २०२५ पासून ४३ दिवस तिकडचं निम्मं सरकारी काम ठप्प होतं, विमानतळाचे कंट्रोलर बिनपगारी ड्युटी करत होते. संसदेने पैसे मंजूर केले नाहीत तर राष्ट्राध्यक्ष काय करणार

देवरे काका: पण दोन्ही सभागृहं ट्रम्पच्याच पक्षाची होती ना

मानसी: हो पण सिनेटमध्ये असं बिल पुढे न्यायला १०० पैकी ६० मतं लागतात, त्यांचे ५३. आधी २०१८-१९ ला पण मेक्सिको सीमेवरच्या भिंतीच्या पैशावरून ३५ दिवस बंदच

अहिरे सर: खरी गोम वेगळी आहे. आपल्याकडे बहुमत गेलं की सरकार पडतं, १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी २६९ विरुद्ध २७० हरले, विषय संपला. तिकडे अध्यक्षाची मुदत ठरलेली, संसदेची पण ठरलेली, दोघंही म्हणणार लोकांनी मलाच निवडलंय, मग भांडण झालं की सोडवणार कोण? महाभियोग आहे, पण सिनेटने त्यात दोषी ठरवून काढलेला अमेरिकेचा एकही अध्यक्ष आजवर नाही

अहिरे सर: दक्षिण कोरिया बघा. संसद विरोधकांची, बजेटवरून रोज खडाखडी, शेवटी ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री अध्यक्ष यून यांनी मार्शल लॉच लावला. सैनिक संसदेत शिरले तरी १९० खासदार आत पोचले, काही तर कुंपणावरून उड्या मारून, आणि तासाभरात नाही पण पहाटेच्या आत ठराव करून तो हाणून पाडला

देवरे काका: म्हणजे सिस्टीम चालली की सर

अहिरे सर: चालली, पण यून अधिकृतपणे पदावरून जायला ४ एप्रिल २०२५ उजाडला, तेही घटनात्मक न्यायालयाने काढलं तेव्हा

गायधनी काकू: एवढ्या लांब कशाला, थेट सरपंच आहेच की. २०१७ ला आणला २०२० ला काढला २०२२ ला परत आणला. माझ्या माहेरी सरपंच एका गटाचा सदस्य दुसऱ्याचे, ठराव आला की नुसती वादावादी

मानसी: आणि एकहाती कारभार म्हणाल तर मार्च २०२२ नंतर आपल्या महापालिकेत नगरसेवक नव्हतेच, प्रशासकच. कामं होतील पण जाब कोणाला विचारायचा?

अहिरे सर: बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत हेच बोलले होते, अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त उत्तरदायित्व कमी, आपण मसुद्यात उत्तरदायित्वाला झुकतं माप दिलंय

देवरे काका: ते ठीक आहे हो, पण रिसॉर्टचं काय? तसंच चालू द्यायचं का

अहिरे सर: नाही ना. आमदार अपात्र करायचा अधिकार विधानसभा अध्यक्षाकडे आहे आणि तो बहुतेक वेळा सत्तेतल्याच पक्षाचा असतो, तो काढून कायमस्वरूपी स्वतंत्र न्यायाधिकरणाला द्यायचा विचार करा असं सुप्रीम कोर्टानेच २०२० मध्ये संसदेला सुचवलंय. एवढी एक दुरुस्ती मागा, अख्खी घटना कशाला बदलता

देवरे काका: हां हे चालेल. याचा काही फॉरवर्ड असेल तर टाका