हनोईच्या जुन्या गल्ल्यांमध्ये दोघं, दोन सॅक : तुमचे अनुभव लिहा

पायपीट

मंडळी, मागच्या नोव्हेंबरात आम्ही दोघं अकरा दिवस व्हिएतनामच्या राजधानीत, हनोईत राहिलो, सगळेच्या सगळे दिवस जुन्या भागात, हालाँग बे नाही की सापा नाही, म्हणजे तिथून पर्यटक जातात त्या ठिकाणी गेलोच नाही. पाठीवर एकेक सॅक, ती पण सात किलोच्या आत कारण तिकिटात चेक-इन बॅग घेतलीच नव्हती. आल्यापासून जो तो विचारतो की अकरा दिवस एकाच शहरात काय केलंत आणि मला ते धड सांगताच येत नाही, म्हणून हा धागा काढते. जे जोडीने तिथे राहिलेत त्यांनी लिहा, कुठे राहिलात, काय खाल्लंत, काय फसलं, आणि एका छोट्या खोलीत इतके दिवस दोघांचं कसं जमलं ते पण.

आमची खोली पाचव्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिथली जुनी घरं समोरून जेमतेम तीन-साडेतीन मीटर रुंद आणि आत लांबच लांब बोगद्यासारखी, पूर्वी दुकानाच्या रस्त्याकडच्या रुंदीवर कर बसायचा म्हणून अशी बांधली म्हणतात. खाली भांड्यांचं दुकान, मध्ये मालकांचं कुटुंब, वरच्या तीन खोल्या भाड्याने. रोजचे साडेचार लाख डाँग, म्हणजे तिथलं चलन! घाबरू नका, शेवटचे तीन शून्य काढायचे आणि उरलेल्याला सव्वातीनने गुणायचं, म्हणजे साधारण दीड हजार रुपये. विमानतळावरून ८६ नंबरची बस थेट जुन्या भागापर्यंत येते, आम्ही माणशी ४५ हजार डाँग दिले.

खरी परीक्षा रस्ता ओलांडायची. स्कूटरींचा लोंढा थांबतच नाही, आपणच सावकाश एका चालीत चालत राहायचं, तेच आपल्याला वळसा घालून जातात. थांबायचं नाही, पळायचं नाही आणि मागे तर अजिबात फिरायचं नाही. पहिल्या दिवशी मी पुढे ओढत होते आणि हा मागे, हात धरलेले, बरोबर मधोमध अडकलो. तिसऱ्या दिवसापासून न बोलता एकदम पाऊल पडायला लागलं. कोणी विचारलं ना की अकरा दिवसांत काय केलंत, तर मला पहिलं हेच आठवतं.

आणि अंड्याची कॉफी प्याच. १९४६ साली दुधाची टंचाई होती म्हणून तिथल्या एका माणसाने अंड्याचं पिवळं फेटून दुधाऐवजी घातलं, त्यांच्या घरच्यांचं दुकान अजून चालू आहे, एका अरुंद बोळातून आत जावं लागतं. कप गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवून देतात. अंड्याचा वास येईल असं वाटलं होतं, अजिबात येत नाही.

भाजणी

आम्ही दोघंही शाकाहारी, अंडं पण नाही, त्यामुळे जायच्या आधी सासूबाईंनी भाजणी, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी इतकी दिली की कपडे कमी करावे लागले. पहिले दोन दिवस खरंच त्यावर काढले कारण फोचं, म्हणजे तिथल्या नूडल्सचं, सूप हाडांचं, आणि नुसत्या भाज्या परतलेल्या मागवल्या तरी त्यात माशाचा सॉस असतोच, आपण विचारलं नाही तर कोणी सांगत नाही कारण त्यांच्या हिशेबी ते मिठासारखं आहे.

तिसऱ्या दिवशी एका दुकानदार मुलीने शब्द शिकवला, चाय. हो, आपल्या चहासारखाच ऐकू येतो पण अर्थ शाकाहारी! "आन चाय" म्हणजे शाकाहार करणं. पाटीवर हा शब्द दिसला की आत शिरायचं, टोफू, मशरूम, कमळाच्या बिया, सगळं बौद्ध पद्धतीचं असतं आणि फो पण भाज्यांच्या पाण्यातला मिळतो. दुसरी गोष्ट, चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले पुष्कळ लोक स्वतःच चाय खातात, म्हणजे आपल्या प्रतिपदा-पौर्णिमेच्या आसपास. आम्ही योगायोगाने पौर्णिमेला तिथे होतो आणि नेहमी ओस असणाऱ्या त्या खाणावळीत बसायला जागा नव्हती, शेजारच्या टेबलावरच्या आजींनी त्यांच्या ताटातली फणसाची भाजी आमच्या वाटीत वाढली. माझ्या नवऱ्याला उपास या शब्दाची चीड आहे, तो त्या दिवशी म्हणाला की असा उपास मी दर महिन्याला करीन.

फसलं ते खोलीचं. फोटोत खिडकी होती, प्रत्यक्षात पडद्यामागे भिंत. दुसरी खोली देतो देतो म्हणत चार दिवस काढले, आणि अशा खोलीत दिवस-रात्र कळत नसल्यामुळे आम्ही दोघं विनाकारण चिडचिडे झालो हे नंतर लक्षात आलं. बुक करताना खिडकी आहे का हे लेखी विचारा, खरंच.

खाडीकाठ

आम्ही रत्नागिरीकडचे, कोकणी मुस्लिम. लग्नानंतर दोन वर्षांनी पहिला मोठा प्रवास हाच. हलालची काळजी होती म्हणून मी शोधत होते तर कळलं की हनोईत एकच मशीद आहे, अल-नूर, हांग लुअक रस्त्यावर, जुन्या भागातच, आणि ती १८९० च्या सुमाराला मुंबईहून गेलेल्या व्यापाऱ्यांनी बांधलेली! मला तर काटाच आला वाचून. शुक्रवारी दुपारी गेलो, छोटीशी पांढरी इमारत, बाहेर स्कूटरींचा गोंगाट आणि आत एकदम शांत. ह्यांना नमाजानंतर इंडोनेशियाचे, पाकिस्तानचे, आफ्रिकेतले विद्यार्थी भेटले आणि त्यांनीच हलाल जेवणाच्या जागा सांगितल्या. माझ्या मनात सारखं येत होतं की सव्वाशे वर्षांपूर्वी बोटीने आलेली ती माणसं इथे काय खात असतील, त्यांना पण घरच्या तिकल्याची आठवण येत असेल का.

मासे खाणाऱ्यांनी चा का सोडू नका. त्या पदार्थाच्या नावाचा अख्खा रस्ताच आहे. माशाच्या तुकड्यांना हळद लावलेली, आणि टेबलावर शेगडी ठेवून तव्यात वरून ओंजळभर शेपू! शेपू आणि मासा एकत्र मी जन्मात खाल्ला नव्हता, घरी शेपूचं नाव काढलं की ह्यांचं तोंड वाकडं व्हायचं, तिथे दोनदा मागून घेतला. तळायला कुठलं तेल वापरतात ते आधी विचारून घेतलं एवढंच.

डोंबिवली फास्ट लोकल

माझा अनुभव मोठा आहे, सांभाळून घ्या. आम्ही सप्टेंबर २०२४ मध्ये गेलो होतो, तिकिटं स्वस्त मिळाली म्हणून, आणि ७ तारखेला गणेश चतुर्थी आहे हे बुकिंग झाल्यावर लक्षात आलं. बायको गप्प झाली. तिच्या माहेरी दीड दिवसाचा असतो, एकही वर्ष चुकलेलं नाही. मी म्हटलं तिथेच बसवू. डाँग शुआन बाजारात गेलो तर विड्याची पानं आणि ओल्या सुपाऱ्या ढिगाने, त्यांच्याकडे पण पूर्वजांच्या पूजेला आणि लग्नात पान-सुपारी लागते. तिने एक चांगली गोल सुपारी निवडली. हांग मा रस्ता त्या दिवसांत कंदिलांनी भरलेला असतो, त्यांचा मध्य शरदाचा सण आलेला असतो ना, तिथून चांदणीच्या आकाराचा लाल कंदील घेतला मखराला. सीताफळं मिळाली, चक्क सीताफळं, तिथे तोच हंगाम. आणि कोम म्हणून एक प्रकार असतो, कोवळ्या भाताचे हिरवे पोहेच, कमळाच्या पानात बांधून देतात, केळ्याबरोबर खायचे. नैवेद्य ठरला.

त्याच वेळी सगळ्यांच्या फोनवर यागी वादळाच्या सूचना यायला लागल्या. आम्ही मुंबईच्या पावसातले, म्हटलं बघू. मालकीणबाईंनी मात्र काचांना चिकटपट्ट्या लावल्या, पाण्याचे पिंप भरले, आम्हाला नूडल्सची पाकिटं आणून दिली. ७ तारखेला विमानतळ बंद झाला. सकाळी आम्ही सुपारीची पूजा केली, मी फोनवर आरती लावली, आणि मालकीणबाई दारात उभ्या होत्या त्या आत आल्या, उदबत्त्या घेऊन आल्या, तीन लावल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या. संध्याकाळी जे वारं सुटलं ते मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. लाइट गेली. पत्रे उडाल्याचे, झाडं मोडल्याचे आवाज रात्रभर. सगळे भाडेकरू आणि घरचे तळमजल्यावरच्या खोलीत एकत्र बसलो, भाषा कुणाला कुणाची येत नव्हती, बायकोने सीताफळं आणि कोम सगळ्यांना प्रसाद म्हणून वाटले.

दुसऱ्या दिवशी बाहेर आलो तर तळ्याकाठची जुनी मोठी झाडं मुळासकट आडवी. मला रडू आलं, परक्या शहरातल्या झाडांसाठी. पुढच्या दोन-तीन दिवसांत लाल नदी फुगली, वीस वर्षांत इतकं पाणी आलं नव्हतं म्हणे, काठच्या वस्तीत पाणी शिरलं, लाँग बिएन पूल बंद केला. उत्तरेकडे डोंगर खचून फार माणसं गेली. गल्लीतले लोक पूरग्रस्तांसाठी पानात बांधलेला भात रटारटा शिजवत होते, आम्ही पानं पुसायला आणि दोऱ्या कापायला बसलो, तेवढंच येत होतं. सुपारीचं विसर्जन बादलीत केलं आणि ते पाणी मालकीणबाईंच्या दारातल्या कुंडीत घातलं. त्यांचा अजून अधूनमधून फोटो येतो त्या कुंडीचा.

पायपीट

डोंबिवली, वाचताना अंगावर शहारे आले. बायकोला माझा नमस्कार सांगा.

निवृत्त मास्तर

आमचं वय अनुक्रमे अडुसष्ट आणि चौसष्ट. मुलगा म्हणाला बाबा टूरने जा, सौ. म्हणाली सॅक घ्या. माझी कॉलेजची वर्षं व्हिएतनामच्या बातम्या वाचण्यात गेली, ३० एप्रिल १९७५ ला युद्ध संपल्याची बातमी मला अजून आठवते, तेव्हापासून हे शहर बघायचं होतं.

आम्ही पहाटे पाचला उठणारे. होआन कीएम तळ्याला तेव्हा जा, दिवसाचं ते तळं वेगळं आणि पहाटेचं वेगळं. म्हातारीकोतारी माणसं हातपाय हलवतायत, बायका गाणी लावून नाचतायत, कोणी बॅडमिंटन. सौ. दुसऱ्या दिवशी त्या बायकांच्या शेवटच्या रांगेत जाऊन उभी राहिली, चौथ्या दिवशी त्यांनी तिला दुसऱ्या रांगेत ओढलं. तळ्यातल्या देवळात काचेत ठेवलेलं प्रचंड कासव आहे. ले लोई राजाने लढाई जिंकल्यावर तलवार या तळ्यातल्या कासवाला परत केली अशी कथा आहे, आणि तळ्यातलं शेवटचं कासव जानेवारी २०१६ मध्ये गेलं तेव्हा लोक हळहळले होते.

लाँग बिएन पूल चालत पार केला. फ्रेंचांनी १९०२ मध्ये पुरा केलेला, अमेरिकन बाँबफेकीत पुन्हा पुन्हा मोडला आणि पुन्हा पुन्हा उभा केला, म्हणून काही कमानी आहेत आणि काही ठिकाणी नुसते सपाट गर्डर, तो फरक डोळ्यांनी दिसतो. मधून रेल्वे, कडेने स्कूटरी, आणि सगळ्या देशात उजवीकडून वाहतूक असताना या पुलावर मात्र आपल्यासारखी डावीकडून. मध्यावर उभं राहून सौ.च्या हातात हात घेतला, चाळीस वर्षांत रस्त्यात कधी घेतला नव्हता.

व्हिएतनामचे नेते हो ची मिन्ह यांच्या जतन केलेल्या देहाचं दर्शन सोमवारी आणि शुक्रवारी बंद असतं आणि बाकी दिवशी सकाळीच. आत बोलायचं नाही, थांबायचं नाही. गुडघेदुखीवाल्यांनी खोली खालच्या मजल्यावर मागा, जिने फार उभे असतात.

ओलं टॉवेल

नोकरीनिमित्त दीड वर्ष इथे हनोईत आहोत, दोन सूचना फक्त. फेब्रुवारी-मार्चमध्ये येणार असाल तर बारीक रिमझिम आणि नोम असतो, म्हणजे हवेतला ओलावा इतका की फरशीला आणि भिंतींना घाम फुटतो, धुतलेला शर्ट चार दिवस वाळत नाही, दोनच जोड घेऊन येणाऱ्यांचे हाल होतात. तेतच्या दिवसांत, त्यांच्या नववर्षात, जुना भाग बराचसा बंद असतो. आणि २० हजाराची आणि ५ लाखाची नोट दोन्ही निळसर, पाच लाखाची वेगळ्या कप्प्यात ठेवा. माझ्या नवऱ्याने पहिल्या आठवड्यात चहाच्या ठेल्यावर ती देऊन टाकली, बाई दोन गल्ल्या पळत मागे आल्या.

पायपीटचा नवरा

हिने लिहिलं ते सगळं बरोबर आहे पण नववा दिवस गाळलाय. हिला त्या दिवशी ताप होता, एकशे दोन. रात्री साडेदहाला मी एकटा बाहेर पडलो, कोपऱ्यावर एक बाई चाऊ विकतात, म्हणजे आपली भाताची पेज. फोनवर तापमापकाचं चित्र दाखवलं. त्यांनी गाडा आवरायला घेतला होता, तरी पातेलं परत शेगडीवर ठेवलं, आलं किसून घातलं, कांद्याची पात घातली, आणि पिशवीत न देता त्यांच्या घरच्या चिनीमातीच्या वाडग्यात दिली, वर ताटली झाकून. तो गरम वाडगा दोन हातांत धरून मी पहिल्यांदा तो रस्ता एकट्याने ओलांडला, आणि सगळ्या स्कूटरी बाजूने गेल्या.

दोन दिवसांनी निघायच्या आधी वाडगा परत द्यायला ही स्वतः आली. बाईंनी वाडगा खाली ठेवला आणि आधी हिच्या कपाळाला हात लावून पाहिला.