खड्ड्याचा प्रकार आधी ओळखा

'वाशीत लेझरचे तीन सिटिंग झाले, चेहऱ्यावरचे मुरमांचे खड्डे तसेच, म्हणजे लेझर फसवं' हे अर्धंच खरं. सुईने टोचल्यासारखे अरुंद, खोल खड्डे फ्रॅक्शनल सीओटूला (कातडीवर बारीक ठिपक्यांत मारतात ते लेझर) फारसे दाद देत नाहीत. त्यांना टीसीए क्रॉस लागतं: ६५ ते १०० टक्के ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिड (टीसीए) टोकदार काडीने फक्त खड्ड्याच्या तळाशी, पांढरं पडेपर्यंत. (ऑनलाइन बाटली मागवून घरी करू नका, कडेला सांडलं की खड्डा रुंदावतो.) लाटांसारखे उथळ खड्डे खालून तंतूंनी खेचलेले असतात, ते आधी सबसिजनने, म्हणजे कातडीखाली सुई घालून तंतू तोडून, सोडवावे लागतात. लेझरचं खरं काम उभ्या कडांच्या, मध्यम खोल खड्ड्यांवर. आणि तिसऱ्या सिटिंगनंतर लगेच हिशोब मांडू नका, कोलॅजन तीन-सहा महिने भरत राहतं.

आपल्या सावळ्या कातडीला खरा धोका काळ्या डागांचा. म्हणून लेझरच्या ठिपक्यांची डेन्सिटी (दाटी) कमी, दोन सिटिंगमध्ये चार ते सहा आठवडे, आणि खपल्या नखाने काढायच्या नाहीत. नंतर भर दुपारी घोडबंदर रोडवर स्कूटर हाणायची असेल तर सिटिंग पुढे ढकललेलं बरं. हेल्मेटची काच सनस्क्रीनची जागा घेत नाही. ओठांवर वरचेवर हर्पीसचे (जर फुटल्याचे) फोड येत असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा, विषाणूविरोधी गोळी सुरू करतात.