तान्ह्याचा बाप्तिस्मा म्हणजे नुसती अंघोळ?

वसईची माय: काल इथे कुणीतरी लिहिलं, "तान्ह्याच्या डोक्यावर पाणी ओतणं ही नुसती अंघोळ. विश्वास कुठाय त्यात?" रात्रभर डोक्यातून गेलं नाही. माझी धाकटी सातव्या महिन्यात झाली, काचेच्या पेटीत ठेवलेली. फादर पोचेपर्यंत ती टिकेल असं डॉक्टरांना वाटत नव्हतं. शेवटी नर्सनेच पेटीत हात घालून तिच्या कपाळावर पाणी सोडलं, पिता, पुत्र, पवित्र आत्मा म्हणाली. तिला काय कळलं? काही नाही. दूध तरी तिने कुठे मागितलं होतं? बालकांना माझ्याकडे येऊ द्या म्हणणाऱ्याने आधी त्यांची तोंडी परीक्षा घेतली नव्हती.

नदीकाठचा: लिहिणारा मीच. लेकरू वाचलं, प्रभूची स्तुती असो. पण त्या उताऱ्यात येशूने मुलांना कवेत घेतलं, हात ठेवून आशीर्वाद दिला. पाणी कुठाय, दाखवा. 'बालकासारखे व्हा' हे मोठ्यांना सांगितलंय. मलाही पाळण्यात शिंपडलं होतं, पुढे विशीत गुत्त्यावर पडलेला असायचो. समजून-उमजून नदीत बुडून बाप्तिस्मा घेतला, त्या दिवसापासून एक थेंब नाही.

पाळकाचा नातू: दारू सुटली, छान. बायबलात, प्रेषितांच्या कृत्यांत, फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याने घरच्या सर्वांसह बाप्तिस्मा घेतला, त्या घरात पाळणा नव्हता हे तुम्ही बघून आलात? 1970 साली नागपूरला अनेक प्रोटेस्टंट चर्च मिळून सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली तेव्हा फक्त मोठ्यांनाच बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्टही आत आले, तान्ह्यांचा आणि मोठ्यांचा, दोन्ही रीती मान्य झाल्या. आमच्या आजोबांनी शेकडो पोरांना बाप्तिस्मा दिला. सगळा फुकट?

नदीकाठचा: त्याच अध्यायात घरातल्या सर्वांना आधी वचन सांगितलंय. तान्हं पोर ऐकतं? आणि हेच म्हणणाऱ्या फेलिक्स मान्झला 1527 मध्ये झुरिकला नदीत बुडवून मारलं, तेही प्रोटेस्टंटांनीच.

पाळकाचा नातू: 1527 चा हिशेब माझ्याकडे मागू नका.

पापडीकर: ते राज्य राहू द्या, हॉलचं बोला. पुतणीचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्माच, अर्ध्या तासात, पार्टी पाच तास. डीजे, तीन मजली केक. धर्मपिता आखातातला, का तर सोन्याची साखळी आणणार. "सैतानाचा त्याग करता?" विचारलं तर बाबा मोबाइलमधून मान वर न काढता "करतो."

वसईची माय: तुमच्या भावकीच्या डीजेचं पाप संस्कारावर का टाकता?

पापडीकर: कारण बिल मी भरलंय! दादाचा हप्ता अजून चालू आहे.

हौशी: बापाने पोरीसाठी हौस करू नये? लग्नात उडवतात तेव्हा कुठे असता?

पापडीकर: लग्नातही हेच बोलतो. म्हणून हल्ली बोलावत नाहीत.

नदीकाठचा: बघा, पाळण्यातल्या बाप्तिस्म्याचं फळ. केक.

जुनी जाणती: हसून झालं असेल तर ऐका. माझ्या आजीचं पहिलं पोर जन्मताच गेलं, स्नानसंस्काराआधी. दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरलं. दर 2 नोव्हेंबरला आतल्या कबरींवर मेणबत्त्या लावून झाल्या की एक मेणबत्ती आजी कुंपणातून हात घालून पलीकडे लावायची. 2007 मध्ये व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाने म्हटलं, अशा बालकांच्या तारणाची आशा धरायला आधार आहे. आजी तोवर गेली होती.

वसईची माय: हे चुकलंच आमचं. पण म्हणून पाणी खोटं होत नाही.

नदीकाठचा: नर्सच्या पाण्याबद्दल मी काही बोलत नाही, जा. बाकीच्यांचं बोलणार.

हौशी: केक तीन मजली होता की दोन? फोटोत दोनच दिसतायत.