शब्दचर्चा : ‘प्रेफरन्स’ म्हणजे पसंती?

प्रश्न : आरोग्य-अर्थशास्त्रावरचा एक लेख मराठीत लिहितेय. कुठल्या उपचारावर सार्वजनिक पैसा खर्चायचा हे ठरवताना आजारातल्या प्रत्येक अवस्थेला आकडा देतात. १ म्हणजे ठणठणीत, ० म्हणजे मृत्यू. मरणापेक्षा वाईट वाटणाऱ्या अवस्थेला उणे आकडाही मिळतो. हे आकडे लोकांच्या ‘प्रेफरन्स’वरून काढतात. ‘प्राधान्य’ लिहिलं, तर रांगेत आधी कोण असा अर्थ डोकावतो. ‘पसंती’ चालेल?

उत्तर : विचारलं कुणाला, त्यावर आहे. एका पद्धतीत विचारतात, ‘या अवस्थेत १० वर्षं काढाल, की धडधाकट राहून त्याहून कमी जगाल?’ एखाद्याला धडधाकट ६ वर्षांवर दोन्ही सारखंच वाटलं, तर त्या अवस्थेचा आकडा, म्हणजे मोल, ६ भागिले १० = ०.६. इथे खरोखर निवड आहे, ‘पसंती’ चपखल बसते. कुठल्या उपचारावर सार्वजनिक पैसा खर्चावा हे सांगणारी इंग्लंडची नाइस ही संस्था सर्वसामान्य जनतेकडून आलेले असे आकडे धरते. पैसा सगळ्यांचा, म्हणून मतही सगळ्यांचं. स्वीडनमध्ये मात्र त्या अवस्थेत जगणाऱ्यांच्या मूल्यमापनाला झुकतं माप आहे. तिथे ‘पसंती’ मला खटकते. आजार कुणी पसंत करत नाही, तो भोगतो.

उत्तर : अगदी! माझ्या आईचा उजवा हात गेला तेव्हा मला दिसत होती ती ब्लाउजची हुकं. ती आता कशी लावणार, याच विचाराने मी रडायचे. वर्षभराने तिला विचारलं, तर हुकांचा विषयच नाही. डाव्या हाताने लावायची सवय झाली होती. तिचं गाऱ्हाणं रात्री खांदा ठणकतो आणि झोप लागत नाही, हे. मी आकडा दिला असता तर हुकांसाठी दिला असता. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

उत्तर : पण ‘अंगवळणी पडणं’ आणि ‘आशा सोडणं’ यांत गल्लत नको. रुग्ण ‘बरं चाललंय’ म्हणाला की आकडा १ च्या जवळ सरकतो, आणि मग त्याला बरं करणाऱ्या उपचाराचा फायदाच कमी दिसतो. सोसणाऱ्याचं ऐकलंच पाहिजे, पण त्याच्या सोशिकपणाची शिक्षा त्यालाच व्हायला नको.

प्रश्नकर्ती : हे लक्षातच आलं नव्हतं. जनतेसाठी ‘पसंती’ ठेवते, रुग्णांसाठी ‘स्वानुभवातून ठरलेलं मोल’. लांबलचक आहे, पण खरं आहे. मथळा ‘पसंती कुणाची?’ होता, तो ‘मोल कुणी ठरवायचं?’ असा केलाय.