चुना विरतो की विरघळतो?

प्रश्न: 'चुनकळी पाण्यात विरघळली आणि पाणी तापलं' असं वर्गात सर्रास म्हणतात. गवंडी मात्र चुना 'विरवतो'. दोन्ही एकच का?

प्रतिसाद १: नाही, आणि इथे गवंडीच बरोबर आहे. मीठ विरघळतं, पाणी आटवलं की तेच मीठ परत हाती. चुनकळीची (कॅल्शियम ऑक्साइड) पाण्याशी अभिक्रिया होऊन कॅल्शियम हायड्रॉक्साइड हा निराळाच पदार्थ बनतो. 56 ग्रॅम कळी 18 ग्रॅम पाणी घेते, 74 ग्रॅम विरलेला चुना होतो. हे पाणी उन्हात वाळवून निघत नाही, सुमारे 500 अंश सेल्सिअसच्या वर तापवावं लागतं. किलोभर कळी विरताना निघणारी उष्णता साधारण साडेतीन लिटर पाण्याला उकळी आणेल इतकी असते.

विरघळणं होतं ते त्यानंतर, तेही जेमतेम: लिटरला पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. बाकीचा तळाशी बसतो आणि वर राहते ती निवळी.

प्रतिसाद २: विरवताना आधी टाकीत पाणी, मग कळीचे खडे थोडे थोडे. उलट केलं, ढिगावर पाणी ओतलं, की ते जागीच उकळून चुना अंगावर उडतो. डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, तेव्हा चष्मा हवाच. हिशेबाने किलोला 320 ग्रॅम पाणी पुरतं, पण बरंच वाफ होऊन जातं. लगद्यासाठी अडीच-तीन किलो घ्या. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं नको, चुना ते खातो आणि हायड्रोजन सुटतो.

खडे तापलेच नाहीत तर समजा माल जुना आहे: हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन आधीच विरलाय. भट्टीत जास्त भाजलेली कळी याहून त्रासदायक. ती उशिरा विरते, गिलाव्यात गेल्यावर फुगते आणि भिंतीला फोड येतात. म्हणून लगदा चाळून काही आठवडे पाण्याखाली मुरवतात.

प्रश्न: मग गिलावा 'सुकला' म्हणणं?

प्रतिसाद १: अर्धंच खरं. पाणी उडणं म्हणजे सुकणं. घट्टपणा येतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट झाल्याने, आणि त्याला ओल लागते. गिलावा भरभर सुकवला तर भुसभुशीत राहतो, म्हणून पाणी मारत राहायचं.

निवळीत नळीने फुंकलं की ती दुधी होते, ती याच कार्बोनेटमुळे. फुंकत राहिलात तर पुन्हा नितळ, कारण आता बायकार्बोनेट झालं. ते मात्र खरोखर विरघळतं.